एकाच हातातल्या दोन नळ्या

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. घरचे म्हणतात, आता निवृत्त झालात, सोडा की. नोकरीत चोर पाहिले, दरोडेखोर पाहिले, दोनचार खुनीही पाहिले. त्यांच्याविषयी माझ्या मनात आता काही उरलेलं नाही. पण पांढरा कोट घालून माझ्यासमोर पायावर पाय टाकून बसलेला तो माणूस काही केल्या मनातून जात नाही. मी इथे कुणाचंच नाव घेणार नाही. प्रकरण न्यायालयात आहे, आणि ज्या घरावर ते बेतलं त्या घराला पुन्हा चव्हाट्यावर आणायची माझी इच्छा नाही.

तेव्हा माझी नेमणूक शिरूर तालुक्यातल्या घोड नदीकाठच्या गावांच्या ठाण्यात होती. सकाळी हजेरी, मग दिवसभर बांधाची भांडणं, मोटारचोऱ्या आणि वाळूचे डंपर. अशाच एका सकाळी दौंडच्या एका सरकारी दवाखान्यातून डॉक्टरीणबाईंचा फोन आला. आवाज चढलेला होता.

"साहेब, तुमच्या हद्दीतली एक बाई आहे, सातवा महिना. हापशावर चक्कर येऊन पडली. मूल पोटातच गेलं. तिच्या अंगात रक्तच नाही हो! मी एकामागून एक पिशव्या चढवतेय. आणि तिचा नवरा मला मोबाइलवर रिपोर्ट दाखवतोय, की महिन्याभरापूर्वी रक्त, लोह नॉर्मल होतं. कुठेही रक्तस्राव न होता एवढं रक्त महिन्यात उतरत नाही. शिवाय रिपोर्टवर रक्तगट ओ आहे आणि आम्ही तपासला तर बी निघाला."

मी दुसऱ्या अधिकाऱ्यांवर ढकललं असतं तर चाललं असतं. रक्त काढणारी लॅब दौंडची, दवाखाना दौंडचा. दौंडच्या बाजूनं तशी विचारणाही झाली. मी म्हटलं, रक्त माझ्या हद्दीत काढलंय, गुन्हा माझ्याकडे.

चौकशीला सुरुवात केली. गाव इनामगावच्या पलीकडचं. तिथल्या एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला शाळेच्या वर्गात शिबिर झालं होतं. शरीरातली जीवनसत्त्वं, लोह, कॅल्शियम, सगळं मोफत तपासून मिळेल, वर रक्तगट फुकट, असा भलामोठा फ्लेक्स. अख्ख्या गावानं हात पुढे केले. दोन दिवसांनी मोबाइलवर रिपोर्ट आले. डी कमी, बी-बारा कमी, कॅल्शियम कमी. लहान पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांचं कमी. पाठोपाठ लॅबची गाडी पावडरीचे डबे विकायला हजर. गावात घरटी एक तरी डबा होता.

मी गावकऱ्यांचे पन्नासेक रिपोर्ट चाळले. लोह मात्र एकाचंही कमी नव्हतं. हे कोडं मला गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईनं एका वाक्यात सोडवून दिलं. "साहेब, लोहाच्या गोळ्या आम्ही फुकट वाटतो. मग त्यांच्याकडनं कोण घेईल?"

माझ्या रागाची सुरुवात तिथे झाली.

त्या बाईच्या घरी गेलो. नवरा कुरकुंभच्या एका कंपनीत कंत्राटी कामगार, शिफ्ट सोडून आलेला. तो लॅबवाल्याचा उद्धार करत होता, मी ऐकून घेत होतो. त्याची आई कोपऱ्यात पदर तोंडाला लावून बसली होती. रडत होती, पण तिच्या तोंडून लॅबविषयी एक शब्द निघत नव्हता. इतक्या वर्षांच्या नोकरीत एक गोष्ट पाहिली होती: ज्याचं नुकसान झालंय तो माणूस आधी शिव्या देतो. ही शिव्या देत नव्हती. तिच्याकडे काहीतरी आहे, हे मी तेव्हाच ओळखलं. पण घरात सुतक होतं. त्या दिवशी काही विचारलं नाही.

लॅबमालकाला ठाण्यात बोलावलं. कडक इस्त्रीचा पांढरा कोट, खिशाला दोन पेनं. चौकशीला येताना कोट कशाला घातला, हे मला आजवर कळलेलं नाही.

"सर, आमच्याकडे सगळं सिस्टिमॅटिक असतं. बारकोड, कोल्ड चेन, ऑटोमॅटिक मशीन. आमचे रिपोर्ट चुकत नाहीत."

"मग त्या बाईवर मरायची पाळी कशी आली?"

तो हसला. "सर, मी सांगणार नव्हतो, कारण बिचारे दुःखात आहेत. पण ते ब्लड त्या पेशंटचं नव्हतंच. तिच्या सासूनं दोन्ही वेळा स्वतःचाच हात पुढे केला. एकदा स्वतःच्या नावानं, एकदा सुनेच्या नावानं. माझ्या टेक्निशियनला चांगलं आठवतंय. रिपोर्ट बरोबरच आहे, फक्त तो सासूचा आहे. आता गावाकडच्या अडाणीपणाला आपण काय करणार?"

त्या 'अडाणीपणा' शब्दावर माझा हात शिवशिवला. पण समोरच्याला बोलू द्यायचं असतं, हे आमच्या धंद्यातलं पहिलं पथ्य. मी चहा मागवला आणि त्याला म्हटलं, हे सगळं लेखी द्या. त्यानं आनंदानं दिलं. वकिलाला विचारून, लॅबच्या छापील कागदावर, सही-शिक्क्यानिशी: 'सदर दोन्ही नमुने एकाच महिलेच्या एकाच हातातून, एकाच वेळी घेतलेले आहेत.' टेक्निशियनचीही खाली सही.

त्या वेळी मला तो कागद म्हणजे आमच्या प्रकरणाचा मृत्युदाखला वाटला. वरिष्ठांनीही तेच सांगितलं, सासूची चूक दिसते, आवरा. त्या पुढाऱ्याचाही फोन आला, "साहेब, समाजसेवा करणाऱ्या माणसाला त्रास देऊ नका." मी म्हटलं, "समाज दवाखान्यात पडलाय, जाऊन बघून या." त्यानं फोन ठेवला.

मी पुन्हा त्या घरी गेलो आणि सरळच विचारलं. "मावशी, सुनेच्या नावानं रक्त तुम्ही दिलंत?"

तिनं पदर बाजूला केला. जणू कुणीतरी विचारायचीच वाट बघत होती.

"व्हय साहेब. म्याच दिलं. पोरगी पांढरीफटक पडली हुती. डोळ्याच्या आत बी रंग न्हवता. तिच्या अंगात हाय तेवढं लेकराला पुरंना, आन् ह्यांनी तिचंच काढून न्यायचं? म्या म्हणलं, माझं घ्या, नाव तिचं घाला."

"तो रक्त काढणारा काही बोलला नाही?"

"म्हणला, कुनाचं बी द्या मावशी, नाव तेवढं नीट सांगा."

"पण मावशी, रिपोर्ट तुमचा येईल, तिचा नाही, हे मनात आलं नाही?"

"न्हाई आलं. एका चुलीवरचं खातो आमी दोघी. मला वाटलं, जे माझ्यात कमी ते तिच्यात बी कमी. रक्त काय येगळं आसल?" मग तिनं डोळे पुसले. "आन् रिपोर्टात लोव्ह बेस हाय म्हणून आलं, म्हणून म्याच तिच्या गोळ्या बंद केल्या. तिला त्यानं मळमळायचं."

दारात तिचा मुलगा उभा होता. आमच्या लक्षातच आलं नाही.

"म्हंजी तुझ्यामुळं गेलं माझं लेकरू," एवढंच तो म्हणाला आणि बाहेर पडला. त्या दिवसापासून तो आईशी बोलेना. सूनबाई दवाखान्यातून परस्पर भांडगावला माहेरी गेल्या आणि तिकडून निरोप आला, त्या घरात पुन्हा पाय ठेवणार नाही. मावशीनं जेवण टाकलं. शेजारीण जबरदस्तीनं दोन घास भरवायची.

मी जीपमध्ये बसलो आणि मला प्रचंड चीड आली. त्या टेक्निशियनचं वाक्य डोक्यातून जाईना. कुनाचं बी द्या! ज्याला रक्त तपासायचंय तो माणूस असं म्हणेल? किराणा दुकानदारसुद्धा उधारी कुणाच्या नावावर टाकायची ते दोनदा विचारतो.

आणि मग डॉक्टरीणबाई रक्तगटाविषयी काय बोलल्या होत्या ते आठवलं. जीप वळवली. मुलगा एसटीच्या थांब्यावर बसला होता. मी म्हटलं, "तुझ्या बायकोचा रिपोर्ट पाहिला. आता आईच्या स्वतःच्या नावाचा दाखव." त्यानं नाइलाजानं मोबाइल काढला.

सुनेच्या नावाचा रिपोर्ट: रक्तगट ओ. सासूच्या नावाचा रिपोर्ट: रक्तगट ए.

एकाच बाईच्या एकाच हातातून, एकाच वेळी काढलेलं रक्त. हे मी म्हणत नव्हतो, लॅबमालकानं सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं होतं.

मावशीला त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात नेलं. तिचा खरा रक्तगट निघाला एबी. दोन्ही रिपोर्ट खोटे.

दुसऱ्या दिवशी मालक आणि टेक्निशियन यांना बोलावून वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. मालकाला मी त्याचाच कागद वाचायला दिला.

"हे बरोबर आहे ना? काही बदलायचंय?"

"शंभर टक्के बरोबर, सर."

"दोन्ही नळ्यांत एकाच बाईचं रक्त?"

"ऑफकोर्स."

मी दोन्ही रिपोर्ट त्याच्यापुढे ठेवले आणि दोन्ही रक्तगटांवर बोट ठेवलं. त्यानं दोन्ही कागद जवळ ओढले. कपाळावर घाम आला, तो त्यानं कोटाच्या बाहीनं पुसला. मग म्हणाला, "टायपिंग मिस्टेक असेल, सर."

मी टेबलावर हात आपटला, तेव्हा बाहेर ठाणे अंमलदार उठून उभा राहिला. "ज्या बाईच्या अंगात रक्त नव्हतं, तिला तू रक्त आहे म्हणून लिहून दिलंस! आणि मेलेल्या लेकराचं खापर तिच्या सासूवर फोडलंस! ही टायपिंग मिस्टेक?"

पलीकडच्या खोलीत टेक्निशियनला फार विचारावं लागलं नाही. मालकानं कागदावर आपलीही सही घेतली, आता आपणही आत जाणार, हे कळल्यावर तो घडाघडा बोलला. मशीन होतं, पण ते उद्घाटनाच्या फोटोपुरतं सुरू केलं होतं. रिपोर्ट मालक संगणकावर वय बघून बसवायचा. आणि रक्त?

"परत येताना घोडच्या पुलावरनं खाली टाकायचो साहेब. लॅबमध्ये ठिवलं तर वास मारतं."

पंच घेऊन पुलाखाली गेलो. उन्हाळा होता, पात्र कोरडं पडलेलं. बाभळीच्या झुडपात नळ्यांचा ढीग. आत रक्त वाळून काळं पडलेलं, वर चिकटवलेल्या पट्ट्यांवर नावं. कुणाची आई, कुणाची लेक, कुणाचा आजा. माझा हवालदार एकेक नाव वाचत होता आणि लिहिणारा लिहून घेत होता. निम्म्यावर आल्यावर हवालदार थांबला आणि बाजूला जाऊन पाणी प्यायला. सुईला घाबरून डोळे मिटून माणसांनी ते रक्त दिलं होतं. माझी सगळी नोकरी मी पंचनामे केले, पण त्या दिवशीइतका संताप मला कुठल्याही पंचनाम्यात आला नाही.

सासूच्या नावाची आणि सुनेच्या नावाची, दोन्ही नळ्या तिथेच सापडल्या. दोन्हींतलं रक्त सासूचंच, असा न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल आला. दोघांना अटक झाली, दोषारोपपत्र दाखल झालं.

पण माझं काम संपलं नव्हतं. मुलाला जीपमध्ये घेतलं, भांडगावला जाऊन सुनेलाही सोबत घेतलं आणि तिघांना समोरासमोर बसवलं.

"मावशी, तुम्ही सुनेचं रक्त दिलं असतं, तरी रिपोर्टात हेच आलं असतं. त्यांनी कुणाचंच तपासलं नाही. तुमच्यामुळे काही झालं नाही."

मला वाटलं होतं, तिला हायसं वाटेल. ती उलट भडकली. "म्हंजी कुनी बगितलंच न्हाई? म्या दोन डाव सुई टोचून घेतली, आन् एक बी नळी बगितली न्हाई त्या मुडद्यानं?" इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती कुणाला तरी शिवी देत होती. मला फार बरं वाटलं. सून उठली आणि तिच्याजवळ जाऊन बसली. मुलगा भिंतीकडे तोंड करून रडत होता.

निघताना मावशी जीपपर्यंत आली. "साहेब, ती सुनेच्या नावाची नळी मला मिळंल का? नातवासाठी दिलं हुतं ते. त्याला पुरलाय तितं मातीत घालते."

"मुद्देमाल आहे मावशी. न्यायालयाच्या परवानगीशिवाय देता येत नाही."

ती मान हलवून माघारी वळली. कायद्यानं मी बरोबर होतो, पण तेवढं वाक्य बोलल्याचं मला आजही वाईट वाटतं.

न्यायालयात आरोपीच्या वकिलानं तिला विचारलं, "तुम्ही खोटं नाव सांगितलंत, हे खरं ना?" ती म्हणाली, "व्हय. सुनेचं रक्त वाचावं म्हणून खोटं बोलले. ह्यो कशापायी बोलला, ते इचारा की त्येला."

या प्रकरणानं मला एक गोष्ट शिकवली. खोटं बोलणारा प्रत्येकजण एकाच मापानं मोजायचा नसतो. एरवी पोलिसाची नजर आधी गप्प बसलेल्याकडे जाते, कारण तो काहीतरी लपवतो. कडक इस्त्रीचा कोट घालून घडाघडा बोलणारा माणूस खुर्चीवर बसतो आणि त्याला आपण चहा पाजतो. मीही पाजला होता. तो आता जामिनावर बाहेर आहे. दुसऱ्या तालुक्यात त्यानं मेहुण्याच्या नावानं नवी लॅब टाकली, असं ऐकतो. तिथल्या ठाण्याला मी कळवलंय आणि कळवत राहणार आहे. हा राग जाऊ नये, असंच मला वाटतं.

गेल्या महिन्यात मावशीचा फोन आला. सूनबाईंना पुन्हा दिवस गेलेत.

"साहेब, आज सरकारी दवाखान्यात तिचं रक्त काढलं. तिचंच बरं का. म्या हात धरून समोर बसले हुते."

"बरं केलंत, मावशी."

"आन् नळी आत नेली, तवा म्या बी मागनं आत गेले. नर्स वरडली, बाहेर व्हा म्हणून. म्या म्हणलं, वरड बाई, किती बी वरड. ती नळी मशिनीत जातीया ते डोळ्यानं बगितल्याबिगर म्या हलायची न्हाई."