जयाच्या वावराचा हप्ता

दारव्ह्याजवळच्या एका खेड्यात जयाचं तीन एकर कापसाचं वावर होतं. म्हणजे वाहायची ती. सातबाऱ्यावर नाव नवऱ्याचं, बळीरामचं. सात वर्षांपूर्वी तो सुरतेला कामाला म्हणून गेला. दोन महिने फोन आले, मग तेही बंद झाले.

पोलिसांचा निरोप आला की जया बेवारस प्रेत ओळखायला यवतमाळला जायची. तीनदा गेली. तिन्ही वेळा "हा नाही" म्हणून बाहेर आली आणि दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिली. मागच्या पावसाळ्यात सासू मुलाचं नाव घेत घेत गेली, तेव्हा जयानंही मनाशी मानून टाकलं, की माणूस राहिला नाही. असता तर आईसाठी तरी आला असता.

बोंडअळीनं कापूस पोखरला, त्यानंतर वर्ष-दीड वर्षानं सरकारनं शेतकऱ्यांना दर चार महिन्यांनी दोन-दोन हजारांचे हप्ते सुरू केले. तलाठी यज्ञेश्वर भला माणूस. बळीरामच्या आधारची झेरॉक्स घेऊन त्यानं नाव यादीत घातलं. गावात सगळ्यांचे पैसे आले, जयाचे आले नाहीत. दुसराही हप्ता हुकला, तेव्हा ती दारव्ह्याच्या सेतू केंद्रात गेली. तिथल्या संघदीपनं नंबर टाकून पाहिलं.

"काकू, पैसे तं पडले. दोन्ही हप्ते."

"कुठी पडले? पासबुक कोरं हाय."

"ह्या खात्यात नाही. आधार दुसऱ्या बँकेत जोडलं हाय, सुरतेकडच्या. मांगच्या नोव्हेंबरात."

"कोनं जोडलं?"

"अंगठा द्या लागते काकू. ज्याचा त्यालेच."

जया बाकावर बसली. जिता हाय! क्षणभर तिला हसू आलं, अंग हलकं झालं. मग नोव्हेंबर ध्यानात आला. सासूला जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. त्या तीन प्रेतांवरची चादर उचलताना आपण देवाला काय काय कबूल केलं होतं, तेही आठवलं. पदर तोंडात कोंबून ती रडली.

गावात परतल्यावर सगळं ऐकून तलाठी म्हणाला, "जयाबाई, अर्ज द्या. हप्ता थांबवू. पोलिसांनाही पत्ता काढता येईल."

"पोलिस हरवलेल्याले शोधते, साहेब. तो काई हरवला नाही."

"आणि हप्ता?"

"जाऊ द्या. जिता हाय, तेवढंच कळत राह्यते."

घरी आल्यावर तिनं सोळा वर्षांच्या उर्वशीला सांगितलं. पोरगी नाचायचीच बाकी होती. "आई, आपला फोन नंबर बदलला नं! बाबाले कसं कळन मंग?"

गाव बदललं नव्हतं, घर बदललं नव्हतं, दारातला निंबही तोच होता. जया म्हणाली, "हो माय, नंबर बदलला."

उर्वशीनं बँकेच्या पत्त्यावर बापाला चिठ्ठी लिहिली. नवा नंबर दोनदा लिहून खाली रेघ ओढली. पोस्टमनची सायकल दिसली की ती वर्षभर दारात येऊन उभी राहायची. मग एके दिवशी सायकलची घंटी वाजली, तरी ती जागची उठली नाही. त्यानंतर तिनं बापाचं नाव काढलं नाही.

जया मात्र दर चार महिन्यांनी जीपनं दारव्ह्याला जाते.

"पडला का रे?"

"पडला, काकू."

"बरं," म्हणते, आणि परतीची जीप भरून सुटायच्या आत ती गाठायला निघते. वावरात निंदणाचं काम पडलेलं असतं.