आडवं होण्यापुरती जागा

डायलिसिस झालं की माझ्या थोरल्या भावाला बसवत नसे. नांदेडच्या दवाखान्यात यंत्राला लावलेला असे तोवर तो छताकडे बघत गप्प पडून राही. सुया निघून हातावर पट्टी बसली की मग त्याचं एकच मागणं असायचं, मला आडवं होऊ द्या. पायात गोळे येत, डोकं जड होई, आणि तो बसल्या जागी पुढे पुढे कलत जाई. नांदेडहून वसमत, वसमतहून शिरड शहापूर आणि तिथून पुढे आमचं गाव, हा सगळा रस्ता त्याला तसाच, कधी भाड्याच्या जीपमध्ये तर कधी एस.टी.त, बसून काढावा लागे. आठवड्यातून दोनदा.

नव्वदच्या दशकात तो स्वतः जीप चालवायचा. शिरड ते वसमत काळी-पिवळी. आत जागा उरली नाही की माणसं मागच्या पायरीवर लटकत, टपावर चढत, आणि तो स्वतः निम्मा दाराबाहेर बसून स्टेअरिंग सांभाळी. तोंड फटकळ होतं. म्हाताऱ्या बायांना म्हणायचा, "आजी, जीव आत घ्या, गठुडं बाहेर राहू द्या." मी त्याच्या उलट. शिकलो, हिंगोलीला एका कॉलेजच्या ग्रंथालयात लागलो. तो मला मास्तर म्हणायचा. मी मास्तर नाही हे त्याला नीट माहीत होतं. नांदेडच्या फेऱ्या सुरू झाल्यावर मी रजा काढून त्याच्याबरोबर जाऊ लागलो, तेव्हाही वॉर्डच्या दारात म्हणायचा, "मास्तर, पुस्तक मिटा. दवाखाना आला."

त्याच्या मुलाचं, माझ्या पुतण्याचं, शिरडला बियाण्या-खताचं दुकान होतं आणि ते जोरात चाललं होतं. दोन हजारचं दशक संपत आलं होतं. उंच, मोठ्या चाकांच्या गाड्या तालुक्यात दिसू लागल्या होत्या. पुतण्याने तशी एक घ्यायचं ठरवलं, आणि येईल त्याला तो सांगे, "आबासाठी घेऊन राहिलो. त्यांची तकलीफ बघवत न्हाई." लोक म्हणत, पोरगं असावं तर असं. तो खोटं बोलत नव्हता. त्या दिवसांत त्याला तसंच वाटत असणार.

मग दुकानात खताच्या पोत्यांवर बसून गाड्यांची तुलना सुरू झाली. शेवटी दोन गाड्या उरल्या. एक अगदी नवी, गुळगुळीत, डिझेलच्या जोडीला बॅटरीची मदत असलेली. दुसरी जुन्या घडणीची, आवाजाला ट्रॅक्टरसारखी.

"नवीचं बोनट पाह्यलं का? उभी राहिली की आमदाराची वाटती."

"दुसरी दणकट हाय. वावरातून काढली तरी नाव न्हाई."

"वावरात काहून न्यायची बे एवढी गाडी? लग्नात न्यायची का वावरात?"

भाऊ दाराशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेला असायचा. तो म्हणाला, "मागचं सीट पडते का, तेवढं इचारा कोणी."

"आबा, एसी हाय ना आतमधी," पुतण्या म्हणाला.

"एसी काय आंथरू का?"

सगळे हसले आणि पुन्हा बोनटवर आले.

गाडी घरच्यांना दाखवायची म्हणून नांदेडचे विक्रेते ती गावापर्यंत आणून देत. पुतण्याने दोन्ही वेळा डायलिसिसचाच दिवस धरला. म्हणजे गाडी बघून होईल आणि आबाही घरी येतील.

पहिल्यांदा नवी आली. टाय लावलेला एक तरुण ती चालवत होता. रस्ताभर तो तिचे गुण सांगत होता. पहिल्याच गुणाला त्याने शब्द वापरला, हायब्रीड. आमच्याकडे हा शब्द ज्वारीमुळे सगळ्यांना ठाऊक. भरघोस येते, आणि भाकरीला चव नसते.

भाऊ काचेवर डोकं टेकून होता. तसाच म्हणाला, "हायब्रीड खाऊ खाऊ तर हे असं झालं. आता हायब्रीडमधी बसवून न्या."

वसमतजवळ रेल्वेचं फाटक पडलेलं होतं. गाडी थांबली आणि इंजिन आपोआप बंद झालं. एसीचा गार वारा जाऊन कोमट झुळूक येऊ लागली. ती त्या गाडीची सगळ्यात मोठी करामत होती. उभी राहिली की इंजिन बंद, क्लच दाबला की पुन्हा सुरू, तेवढं डिझेल वाचतं. तो तरुण हे सांगायला तोंड उघडतोय तोवर मागचं दार उघडून भाऊ खाली उतरला होता. एका हातावर पट्टी, पायात उभं राहायचं बळ नाही. त्याने गाडीच्या पाठीला दोन्ही तळवे लावले आणि ओरडला, "मास्तर, उतरा! सेकंड टाका म्हणा त्याला!"

जन्मभर त्याने बंद पडलेल्या जीप ढकलून चालू केल्या होत्या. इंजिन गप्प झालं की उतरायचं, यात विचार करण्यासारखं त्याला काही वाटत नसे.

"काका, काका, बंद नाही पडली हो," तो तरुण धावत मागे आला. "डिझेल वाचवतेय ती."

पुढे बसलेला पुतण्या हसता हसता स्टेअरिंगच्या बाजूला आडवा झाला. आम्ही भावाला उचलून आत बसवलं. त्याचे ओठ पांढरे पडले होते. पुढे कितीतरी दिवस दुकानात हा किस्सा चालला. आबा हायब्रीडला धक्का मारायला उतरले! गिऱ्हाईक आलं की तो किस्सा आधी, मग बियाणं.

त्या गाडीचं मागचं सीट मी बघितलं होतं. पाठ थोडी कलायची, पण सपाट होत नव्हती. मी ते पुतण्याला सांगितलं. तो म्हणाला, "काका, एवढ्या महागाच्या गाडीत माणूस झोपते का?"

पुढच्या वेळी दुसरी गाडी आली. तिची मागची दोन्ही बाकं घडी होत आणि मागे दारापर्यंत सपाट, लांबलचक जागा होई. विक्रेता पोक्त माणूस होता. त्याने स्वतः बाकं पाडून दिली. मी सतरंजी अंथरली, उशाला शाल ठेवली. भाऊ आडवा झाला, पाय मागच्या दाराकडे करून, आणि नांदेडची हद्द सुटायच्या आत त्याला झोप लागली. त्या रस्त्यावर त्याला झोपलेला मी पहिल्यांदा पाहिला. तोंड उघडं, हात छातीवर. विक्रेत्याने खड्डे चुकवत गाडी अगदी सावकाश आणली. मी भावाच्या डोक्याशी बसून मान खाली घालून वाचत होतो.

आमच्या भागात एक गोष्ट सगळ्यांना कळते. नांदेडला नेलेला माणूस गाडीत मागे आडवा आणि गाडी हळू, असं दिसलं, की कुणी काही विचारत नाही. दुकानदार गाडी पुढे जाईतो शटर अर्धं खाली ओढतात. माणसं टोपी काढतात.

शिरडला त्या दिवशी बाजार भरलेला होता. रस्त्याच्या तोंडाशीच पंक्चरचं दुकान. तिथला खाँसाहेब हा भावाचा काळी-पिवळीच्या दिवसांपासूनचा दोस्त, त्याच्या जीपची चाकं यानेच सांभाळलेली. तो चाक सोडून उठला, गाडीत वाकून बघितलं आणि त्याने शटर खाली ओढलं. शेजारच्या हॉटेलवाल्याने ओढलं. मग किराणा, मग कापडवाला. बाजारातली माणसं बाजूला होऊन आम्हाला वाट देऊ लागली.

मी वर पाहिलं. पुतण्या पुढे बसला होता. तो विक्रेत्याला म्हणाला, "हळू घ्या जरा. कोणाचं तरी झालेलं दिसून राहिलं."

आणि गाडी आणखी हळू झाली.

गावाजवळ येताच रडणं ऐकू आलं. पुतण्या म्हणाला, "आपल्याच आळीत हाय वाटते." गाडी आमच्या दारात थांबली. अंगणात बाया होत्या. माझी वहिनी जमिनीवर लोळत होती आणि दोघी तिला धरत होत्या. खाँसाहेबाने शिरडहून फोन केला होता.

मागचं दार उघडलं. उजेड तोंडावर आल्यावर भाऊ जागा झाला, कोपरावर उठला, गर्दीकडे पाहिलं आणि विचारलं, "कोण मेलं?"

मग शेजारची म्हातारी म्हणाली, "तूच की रं."

रडणं थांबलं होतं. वहिनी उठून बसली. केस सुटलेले, कपाळाला माती. एवढा वेळ रडून जे तोंडात उरलं होतं ते तिने बाहेर काढलं, "तुमाला बसता न्हाई येत का? लोकं बसत न्हाईत का गाडीत? जित्या माणसाला झोपायची एवढी काय घाई झाल्ती?"

तेवढ्यात खाँसाहेब मोटारसायकलवरून आला. भावाला बघून त्याने गाडी तशीच आडवी सोडून दिली. "अरे, तू तो जिंदा है रे! हम तो रो के बैठे!"

"शटर पाडलंस व्हय?" भाऊ म्हणाला. "बाजारच्या दिवशी? धंद्याचा टाइम होता की."

"तेरे वास्ते पाडा ना."

"मंग आता उघड जाऊन. मी मराच्या दिवशी पाडशील तवा लोकं म्हणतील, याचं शटरच खराब हाय."

मग सगळेच हसले. ज्या बाया रडत होत्या त्याही पदर तोंडाला लावून हसल्या. कुणीतरी म्हणालं, मेल्याची खोटी बातमी आली की आयुष्य वाढतं. भाऊ म्हणाला, "वाढवून काय करता? आडवं व्हायला ही गाडी द्या. लई झ्याक झोप लागली."

तो हे मनापासून म्हणत होता. त्याच्या चेहऱ्यावर झोपेचे वळ उमटले होते. बऱ्याच दिवसांत इतका ताजा तो मला दिसला नव्हता.

पण ती गाडी तिथेच संपली. वहिनी म्हणाली, जिच्यापुढं मी कुंकू पुसाया निघाले ती माझ्या दारात नको. दुसऱ्या दिवशी दुकानात तिला नावही पडलं होतं, मढ्याची गाडी. पुतण्या मला म्हणाला, "काका, तुमीच सांगा. आपण घेतली तर लोक तिच्यात बसतील का?" मी म्हणालो, लोक नकोत बसायला, एकानेच झोपायचं आहे. तो माझ्याकडे समजूतदारपणे बघत राहिला. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाकडे आमच्याकडे असंच बघतात.

नवी हायब्रीड आली. हार घातला, चाकाखाली लिंबं ठेवली, भावाला पुढच्या सीटवर बसवून फोटो काढला. फोटोत तो ताठ आहे.

तेव्हापासून तो ताठच येई. मधल्या सीटवर, माझ्या शेजारी. नांदेड सुटलं की तो कलायला लागे. कधी माझ्या खांद्यावर येई, कधी मांडीवर. शिरड जवळ आलं की पुतण्या आरशातून मागे बघे. "आबा, गाव येऊन राहिलं. जरा नीट बसा. मागच्यावानी व्हाया नको."

मग मी त्याला उठवून पट्टा लावी. त्या गाडीतले पट्टे दुसऱ्या कशाला वापरलेले मी पाहिले नाहीत. तो टोपी घाली, तोंडावरून हात फिरवी, आणि पंक्चरच्या दुकानापाशी हात वर करी. खाँसाहेबही हात वर करी. बाजार मागे पडला की तो हात खाली यायचा आणि मान पुढे पडायची.

मी म्हटलं, भाड्याची जुनी जीप बघू, मागे गादी टाकू. पुतण्याचं उत्तर तयार होतं. "दारात एवढी गाडी असताना भाड्याची? लोक म्हणतील, बापाला गाडीत घेत न्हाई." भावाला विचारलं तर तो पोराकडे बघून म्हणाला, "राहू द्या मास्तर. त्यानं माझ्यासाठीच घेतली."

त्या उन्हाळ्यात त्याची मानही धरेना. शेवटच्या एका फेरीला फाटक पडलेलं होतं, इंजिन बंद झालं, आत उकडू लागलं. त्याने डोळे न उघडता विचारलं, "शिरड आलं का?" मी म्हणालो, नाही, वसमत आहे. "मंग पडू का थोडं?" म्हणाला, आणि मांडीवर डोकं ठेवलं. फाटक उघडेपर्यंत.

तो गेला तो नांदेडलाच, दुपारी, पलंगावर. सुई हातात होती. पुतण्याने गाडी दवाखान्याच्या दाराशी आणली. खाली उतरून मागचं दार उघडलं, आत बघितलं, स्ट्रेचरकडे बघितलं. पुन्हा आत बघितलं. मग दार लावलं आणि दवाखान्यातल्या माणसाला शववाहिनीबद्दल विचारायला गेला.

परत येऊन म्हणाला, "काका, तुमी त्यांच्यासंगं बसा. मी पुढं होतो. मंडपाचं बघावं लागल."

शववाहिनी लांब होती. भावाच्या पायांकडे, डोक्याकडे, दोन्हीकडे जागा उरत होती. मला चालकाने पुढे बसवलं. नांदेडबाहेर पडल्यावर त्याने विचारलं, "कोण लागत होते?"

"भाऊ."

"आणि पुढं गेली ती नवी गाडी तुमचीच?"

"पुतण्याची."

"चांगली हाय," तो म्हणाला. "मी पण पाह्यली होती. पण मागचं सीट न्हाई पडत तिचं."

मी हो म्हणालो. मग त्याने ॲव्हरेज किती देते ते विचारलं, आणि दुकानात ऐकलं होतं ते मी त्याला सांगितलं.