अण्णांचा शेवटचा माफीनामा

माझे वडील सिक्युरिटी केबिनमध्ये नुसत्या बनियनवर बसले होते. खुर्चीवर नाही, खाली फरशीवर. त्यांचा युनिफॉर्मचा शर्ट टेबलावर घडी घालून ठेवला होता, वर चिठ्ठी: 'कंपनी प्रॉपर्टी'. काचेपलीकडून जनरल शिफ्टची माणसं आत जात होती आणि जाता जाता बघत होती.

अण्णा याच कंपनीत तीस वर्षं प्रेस शॉपला, गाड्यांचे पत्रे दाबायच्या मशीनवर होते. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली. गेली तीन वर्षं डिमेन्शिया. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "वय झालं, चालायचंच." आई गेली हे अण्णांना आठवत नाही. शिफ्ट आठवते. त्या सकाळी मी आंघोळीला गेले तेवढ्यात त्यांनी कडी काढली, जुना युनिफॉर्म चढवला आणि तळवडे चौकात कंपनीची बस पकडली. जुना कामगार म्हणून कुणीतरी उठून जागाही दिली. चाकणला कंपनीच्या गेटवर कार्ड मागितलं, तिथं अडकले. खिशातल्या चिठ्ठीवरचा नंबर बघून गेटवरून मला फोन आला.

सिक्युरिटीच्या साहेबांच्या डोक्यावर फलक होता: 'ज्येष्ठांचा सन्मान, हाच आमचा संस्कार'. खाली हसऱ्या आजोबांचा फोटो. फोटोतल्या आजोबांच्या अंगात शर्ट होता.

"घरी बाईमाणूस नाही का लक्ष ठेवायला?" साहेबांनी विचारलं.

"आहे. मीच."

"मग कामाला कशाला जाता?"

पोट भरण्यासाठी माणसं कामाला जातात, हे चाकणमध्ये कुणाला समजावून सांगावं लागेल असं मला वाटलं नव्हतं.

मला बघून अण्णा धडपडत उठले. "मॅडम, लेट न्हाई मी. कार्ड घरी राह्यलं."

मला ते हजेरी बघणारी टाइम ऑफिसची मॅडम समजत होते. दारातला गार्ड हसला. "बघा, पोरीलाच मॅडम म्हणतंय म्हातारं!"

साहेबांनी कोरा कागद पुढं सरकवला. "माफीनामा द्या. पुन्हा असं होणार नाही म्हणून."

विसरण्याचा आजार झालेल्या माणसाकडून लक्षात ठेवण्याची लेखी हमी. मी हे बोलून दाखवणार, तेवढ्यात अण्णांनी टेबलावरचं पेन उचललं. उभ्या उभ्या वाकले आणि लिहायला लागले.

'मी खाली सही करणार लिहून देतो की, माझ्या हातून घडलेल्या चुकीबद्दल मी दिलगीर आहे. यापुढे असे वर्तन होणार नाही. झाल्यास कंपनी करील ती कारवाई मला मान्य राहील.'

खाली नाव. टोकन नंबर. सही. एकही खाडाखोड नाही.

माझं नाव विसरलेला माणूस. भात खाल्ला की नाही हे पाच मिनिटांत विसरणारा माणूस. आजारानं घर नेलं, गाव नेलं, बायको नेली. हे मात्र नेलं नाही. कंपनीनं ते इतकं खोल ठोकून बसवलं होतं.

मला आमची भाड्याची खोली आठवली. मी तिसरीत होते. हातमोजे मागितले म्हणून कंपनीनं अण्णांना माफीनामा लिहायला लावला होता. अण्णा जमिनीवर कागद ठेवून लिहीत होते आणि मी शेजारी बसून कंपनीनं दिलेल्या नमुन्यातले शब्द त्यांना वाचून सांगत होते. बाईंनी वर्गात शिकवायच्या आधी 'दिलगीर' हा शब्द मी तिथं शिकले. आणि मला तेव्हा अभिमान वाटला होता. वडिलांच्या अपमानाचं शुद्धलेखन मी तपासत होते.

"इथं साक्षीदार म्हणून तुम्ही सही करा," साहेब माझ्या गळ्यातल्या कार्डाकडे बघत म्हणाले. "आणि तुम्ही ज्या कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आहात, ती माल आम्हालाच देते. एवढं लक्षात ठेवा."

गार्ड हळूच म्हणाला, "करून टाका की ताई. सहीनं काय जातंय?"

मी कागद उचलला आणि फाडला. चार तुकडे केले. अण्णा घाबरले. "मॅडम, दुसरा लिहून देतो," म्हणाले.

"शर्ट द्या," मी साहेबांना म्हटलं.

"तो कंपनी प्रॉपर्टी आहे."

"मग तसं लेखी द्या. तीस वर्षं काम केलेल्या आजारी माणसाच्या अंगावरचा शर्ट गेटवर उतरवला, असं लिहा. खाली तुमची सही. साक्षीदार मी."

साहेबांना लिहून घ्यायची सवय होती, लिहून द्यायची नव्हती. गार्डनंच शर्ट उचलून माझ्या हातात दिला. मी अण्णांना तो घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली आणि सगळ्यांच्या समोरून मेन गेटनं त्यांना बाहेर आणलं.

चार दिवसांनी माझं कॉन्ट्रॅक्ट संपल्याचं सांगण्यात आलं. कारण दिलं नाही. मी विचारलंही नाही.

आता दिवसा घरी असते, म्हणून दिसतं. आमच्या दोन गल्ल्यांत अशी आणखी चार घरं आहेत. बाहेरून कुलूप, आत म्हातारं माणूस, सून किंवा लेक शिफ्टला. सगळे कामगार. या शहरात नव्या गाड्या उभ्या करायला एकरच्या एकर शेड आहेत. ज्यांनी त्या गाड्या बनवल्या, त्यांना म्हातारपणी दिवसभर नीट बसवायला एक खोली नाही.

त्या चारही घरांत मी जाऊन आले. सोमवारी आम्ही पाचही जणी आमची माणसं घेऊन महापालिकेत जाणार आहोत. खोली मिळेपर्यंत ती तिथंच बसतील, आयुक्तसाहेबांच्या दालनात, खुर्च्यांवर. अर्ज मी लिहिलाय. त्यात 'विनंती' हा शब्द कुठंही नाही.