सरळ तडे

राख अजून कोमट होती आणि मी घाईत होते, एवढीच माझी सबब. सेनगाव तालुक्यातल्या एका तांड्यावर एका शेतकऱ्यानं बांधावर पडलेलं सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, पेटवलं होतं. आग विझल्यावर राखेत माणसाची हाडं निघाली. त्याची बायको भांडून निघून गेली, त्याला चार दिवस झाले होते. माहेरी ती पोचली नव्हती.

शवविच्छेदन करणारी डॉक्टर म्हणून मला हिंगोलीहून बोलावलं. कमरेचं हाड हातात घेतलं न घेतलं तोच मी सगळ्या तांड्यासमोर बोलून मोकळी झाले, "तरुण बाई आहे."

"ताजं?" फौजदारांनी विचारलं.

"ताजंच दिसतंय."

माझी जीभ मला एक दिवस गोत्यात आणणार, असं आई म्हणायची. त्या दिवशी त्या जिभेनं दुसऱ्यालाच आणलं. शेतकऱ्याला जीपमध्ये घातलं. त्याची म्हातारी आई माझ्याकडे बघत राहिली, रडली नाही.

दुसऱ्या दिवशी हाडं टेबलावर मांडून ब्रशनं झाडली. अंगावर मांस असताना हाड जळलं तर ते वाकतं, त्याला नखाच्या कोरीसारखे बाकदार तडे जातात. ही हाडं कुठंच वाकली नव्हती. तडेही लांबीनं सरळ, उन्हात वाळलेल्या लाकडाला जातात तसे. नुसत्या तड्यांवर मी छातीठोक बोलले नसते, पण मांडीच्या पोकळ हाडात गवताची बारीक मुळं जळून चिकटली होती. चार दिवसांच्या मुडद्यात मुळं शिरत नाहीत. हे हाड वर्षानुवर्षं मातीत होतं, आग नंतरची. राख गरम म्हणून हाड ताजं, असला गाढवपणा मी केला होता, आणि तिकडे एक माणूस खुनी म्हणून कोठडीत बसला होता.

फौजदारांना फोन केला. ते चिडले. "मॅडम, पंचनाम्यात तुमचाच शब्द आहे. आता ही जुनी बाई कोण?"

तेच विचारायला मी तांड्यावर गेले. म्हातारी दारात बसली होती. शेतात कधी कुणाला पुरलंय का, विचारलं.

"माझी लेक," ती म्हणाली. "तापानं गेली. लगीन झालं न्हवतं, म्हणून जाळली न्हाई. आमच्यात तसंच हाय. नाल्याकाठी पुरली." बोलता बोलता तिचा हात तोंडावर गेला. नाला खोल केला तेव्हाची सगळी माती मशीननं त्याच बांधावर टाकली होती.

"मग त्या दिवशीच का नाही सांगितलंत?"

"तुमी ताजं म्हणलं ना."

मी चूक लेखी कबूल केली. तिसऱ्या दिवशी सूनही सापडली, परभणीला मैत्रिणीकडे. पोरगा सुटला तेव्हा मी ठाण्यात होते, जायची लाज वाटत असूनही. म्हातारीनं आणलेलं फडकं त्यानं सोडलं आणि उभ्यानंच भाकरी खायला लागला. ती मात्र लांब उभी होती. जवळ जा ना, मी म्हणाले.

"दोन दिस मी त्याला भाकर धाडली न्हाई," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "शेजारीण घेऊन निघाली होती, तिलाबी अडवलं. तुमी म्हणलं होतं ना, मॅडम."