बाईंना म्हटलेलं पहिलं ‘नाय’

बंधाऱ्याला खांड पडली तेव्हा मी पाळण्यात होते. म्हणजे ते मी पाहिलेलं नाही, पण आमच्या घरात कुठलीही गोष्ट तिथूनच सुरू करतात. उधाणाचं पाणी बंधारा फोडून भातशेतीत शिरलं आणि माती खारट करून गेलं. पुढे कितीतरी पावसाळे त्या शेतात भात धरला नाही. मग आईवडील मिठागरावर जाऊ लागले. आमचं गाव पेणहून धरमतर खाडीच्या अंगाला. दिवाळी झाली की घराला कडी घालायची, भांडीकुंडी उचलायची आणि आगरावरच्या झोपडीत राहायला जायचं, ते पाऊस येईपर्यंत. प्यायचं पाणी आई लांबच्या विहिरीवरून डोक्यावर आणायची. मिठात उभं राहून पायांना चिरा पडायच्या, त्यात पुन्हा मीठ जायचं. माझ्या दोन्ही बहिणी सातवीतून थेट आगरावर गेल्या. मी नववीपर्यंत टिकले याचंच घरात आश्चर्य होतं.

नववीच्या सहामाहीत मी गणितात नापास झाले. आई चिडली नाही. भाकरी थापता थापता म्हणाली, “वार्षिकला असाच झाला तं शाळा बंद. मला दोन हात कमी पडतात गो.” वडिलांचंही तेच मत होतं.

गणित मला येतच नव्हतं असं नाही. आमच्या वर्गाची एक रीत होती. आधीचे सर फळ्यावर उदाहरण सोडवायचे आणि वळून विचारायचे, “समजलं?” आणि आम्ही एका सुरात म्हणायचो, “होऽऽ.” कुणी नाही म्हटलं तर त्याने तास संपेपर्यंत उभं राहायचं. त्यामुळे ‘हो’ म्हणायला आम्ही पाढ्यांच्याही आधी शिकलो. त्यातून आम्ही खारातली, म्हणजे खाडीकाठच्या गावांतली पोरं मागच्या बाकांवर. तोंड उघडलं की ‘हाय’, ‘नाय’ यायचं आणि पुढची मुलं हसायची. मी तर ‘हो’सुद्धा नुसते ओठ हलवून म्हणायची.

नववीला गणिताला नव्या बाई आल्या. रोह्याच्या. रोज एसटीने नागोठण्यावरून यायच्या. छडी नव्हती, आवाज मोठा आणि हसणं त्याहून मोठं. मधल्या सुट्टीत त्या स्टाफरूममध्ये न बसता डबा घेऊन आमच्यात यायच्या. पहिल्यांदा माझ्या बाकावर बसल्या तेव्हा मी सुकटीची चटणी झाकणाखाली लपवली. बाईंनी झाकण उचललं, बोटाने चव घेतली आणि म्हणाल्या, आमच्या रोह्यात याच्यात एवढं तिखट घातलं तर नवरा माहेरी जाईल. सगळा वर्ग हसला, मीही हसले. तेव्हापासून आई चटणी जरा जास्तच बांधून देऊ लागली.

पण तासाला गाडी तिथेच अडलेली. बाई विचारायच्या, “कळलं?” आम्ही म्हणायचो, “होऽऽ.” आणि सहामाहीचे पेपर पाहून बाईंनी कपाळाला हात लावला. एवढे सगळे हो म्हणता, मग हे काय, असं त्यांनी विचारलं. त्यालाही कुणीतरी सवयीने “हो” म्हटलं.

जानेवारीत वालाच्या शेंगा भरल्या आणि वर्गाने पोपटी लावायचं, म्हणजे त्या शेंगा मडक्यात भाजायचं ठरवलं. आतल्या गावातल्या एका मुलाच्या शेतात, शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर. बाईंनाही बोलावलं. शेंगा त्याच्या, बटाटे-अंडी पुढच्या बाकांची, भांबुर्ड्याचा वासाचा पाला मुलांनी बांधावरून आणला आणि मीठ माझं, आमच्या आगरावरचं, जाडं. मडक्याच्या तळाशी पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, पुन्हा पाला, तोंड गच्च बंद करून मडकं पालथं घातलं आणि भोवती पेंढा-लाकडं पेटवली. पाणी थेंबभर नाही. बाईंचं चालूच होतं की वाल खावा तर रोह्याचा, पेणच्या वालाला चव नाही. शेतवाला मुलगा म्हणाला, “मग बाई, तुम्ही नुसती अंडी खावा.”

जाळाजवळ मला बसवलं होतं, कारण चुलीची सवय मलाच. भूक सगळ्यांना लागलेली. थोड्या वेळाने बाईंनी विचारलं, “झाली का रे?”

“होऽऽ,” सगळा वर्ग ओरडला. वर्गात म्हणायचे अगदी त्याच सुरात.

झाली नव्हती. पोपटी झाली की पाल्याचा वास बांधापर्यंत येतो, इथे नुसता धूर येत होता. मी जाळाकडे बघत हळूच म्हटलं, “नाय.” कुणी ऐकलं नाही. मुलांनी काठीने मडकं उलथलं, पाला बाजूला केला आणि ज्याने त्याने शेंगा तोंडात टाकल्या. मग एकेकाचं तोंड बघण्यासारखं झालं. दाणे कच्चे, कडक. सगळ्यात मोठ्याने ‘हो’ म्हणणारा मुलगा पाठ फिरवून थुंकत होता. बाई बांधावर बसून इतक्या हसल्या की डोळे पुसायला पदर लागला.

हसू थांबल्यावर त्या माझ्याशेजारी येऊन बसल्या.

“तू नाय म्हणालीस. मी ऐकलं.”

मी काठीने निखारे सारू लागले.

“कसं कळलं तुला?”

मी वासाचं सांगितलं. बोलीतच सांगितलं, कारण दुसरं येत नव्हतं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि सगळ्यांना हाक मारली. “मडकं परत भरा. आता ही सांगेल तेव्हाच उघडायचं.”

पुढच्या बाकांवरची मुलं मला दर दोन मिनिटांनी येऊन विचारू लागली, झाली का गं? मी म्हणायची, नाय. परत यायची, परत नाय. जन्मात एवढे नाय मी कधी म्हटले नव्हते आणि एकदाही कुणी हसलं नाही. शेवटी वास सुटला. ती पोपटी अशी झाली होती की बाईंनी पेणचा वाल कबूल केला.

सोमवारी बाईंनी फळ्यावर समीकरण सोडवलं, वळल्या आणि विचारलं, “झालं का?” वर्गाने “होऽऽ” म्हटलं. बाई हलल्या नाहीत. खडू हातात धरून मागच्या बाकाकडे बघत राहिल्या. मी उभी राहिले.

“नाय बाई. दुसऱ्या ओळीपासून नाय समजला.”

“शाब्बास,” बाई म्हणाल्या आणि फळा पुसला.

त्यांनी ते पुन्हा समजावलं. मग माझ्या मागून एक आवाज आला, “मला पण नाय.” मग पुढच्या बाकावरून, ज्यांना सगळं येतं असं आम्ही समजत होतो, तिथूनही. बाईंनी तो तास एकाच उदाहरणावर घालवला. मधली सुट्टी झाली तरी कुणी उठलं नाही. त्या दिवसापासून आमच्या वर्गात गणित शिकवणं सुरू झालं, असं मी म्हणेन. शिकवणाऱ्या बाई त्याच, पुस्तकही तेच. फक्त आता त्यांना आमचं खरं काय ते कळत होतं, आणि ते कळलं तर त्या रागावणार नाहीत हे आम्हाला कळलं होतं.

वार्षिकचा निकाल घेऊन मी शाळेतून थेट आगरावर गेले. आई लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढून ढीग करत होती. हातातलं काम न थांबवता तिने विचारलं, “गणितात?”

“पास.”

तिने फळी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं, मग ढिगाकडे. “तुझ्या त्या बाईला मीठ ने,” म्हणाली. “पांढरा बघून ने. वरचा.”

पुढे दहावी झाले, मग पेणच्या कॉलेजात गेले. तिथेही पहिल्या आठवड्यात मी उभी राहून समजलं नाही म्हणून सांगितलं, आणि बोलीत सांगितलं. कुणी हसलं असेल तर मी बघितलं नाही.

गणित घेऊन मी बी.एस्सी. झाले. आमच्या घरात कॉलेजची पदवी मिळवलेली मी पहिली.