वादीच्या डोहावर अम्मी

हिरव्या डोहावर ताणलेला तंगुसाचा पारदर्शक दोरा, आणि तो तर्जनीवर अलगद तोलून धरलेला अम्मीचा हात... ओमानमधल्या माझ्या बालपणातलं हे एक चित्र अजून पुसट झालेलं नाही.

मी तेव्हा नऊ वर्षांची होते. नाना, म्हणजे अम्मीचे वडील, गेल्याचा फोन रुवीतल्या आमच्या फ्लॅटवर आला तो सोमवारी सकाळी. आणि वाशिष्ठीकाठच्या त्यांच्या गावात दुपारच्या नमाजनंतर दफनही झालं. अम्मीला जाता आलं नाही. तिच्या पासपोर्टची मुदत संपत आली होती, कापडाच्या दुकानातल्या कामाच्या रगाड्यात अब्बा ‘पुढच्या आठवड्यात करू’ म्हणत राहिले, आणि फोन आला तेव्हा पासपोर्ट नूतनीकरणासाठी दिलेला होता. त्या क्षणापासून अम्मी अब्बांशी एक शब्द बोलली नाही. रडलीही नाही. भात वेळेवर शिजत होता, माझ्या वेण्या घातल्या जात होत्या — फक्त घरातला आवाज निघून गेला होता.

शुक्रवारी अब्बांनी मित्राची जुनी गाडी मागून आणली. पुढच्या सीटवर एक कागदी पुडी होती. तिच्यात लहानमोठे गळ आणि तंगुसाचं रीळ. अब्बांना त्यातलं काही कळत नव्हतं. लहानपणी अम्मी नानांबरोबर नदीवर गळ टाकायला जायची, एवढंच ते ऐकून होते. अम्मीनं पुडी उघडून पाहिली आणि मांडीवर ठेवून दिली.

सूर शहराच्या रस्त्यानं बरंच अंतर कापून आम्ही एका वादीत, म्हणजे नदीच्या घळीत, उतरलो. उघड्याबोडक्या, राखी डोंगरांच्या खोल कुशीत ती नदी लपलेली. गुलाबी कण्हेर, खजुरीची दाट सावली, तापल्या दगडांचा कोरडा वास, आणि मध्येच हा थंड, स्तब्ध डोह. अम्मीनं खजुरीच्या झावळीचा दांडा सोलला, सगळ्यांत लहान गळ निवडला, दातांनी गाठ आवळली आणि डब्यातल्या पोळीचा तुकडा थुंकीनं मळून त्याची गोळी लावली. इतक्या सहज, की ही बाई मला क्षणभर अनोळखी वाटली.

जुम्म्याच्या नमाजसाठी अब्बा वरच्या गावातल्या मशिदीत गेले. आम्ही दोघीच उरलो. पहिला मासा लागला तो वीतभरही नव्हता. ओल्या तळहातावर त्याच्या चंदेरी अंगाची धडधड दिसत होती. अम्मीनं गळ सोडवला आणि त्याला पाण्यात जाऊ दिलं. मी हिरमुसले, तेव्हा ती एवढंच म्हणाली की एवढ्याशाला नाना कधी घरी नेत नसत.

बऱ्याच वेळानं अब्बा परतले. त्यांच्यामागून पांढऱ्या पायघोळ दिशदाशातले एक वृद्ध ओमानी गृहस्थ येत होते, हातात काहव्याचा थर्मास आणि खजुराची थाळी. अम्मीनं घाईनं ओढणी सारखी केली. ते जरा लांबच थांबले आणि मोडक्या हिंदीत म्हणाले, “बेटी, तुम्हारे बाबा के लिए आज पूरी मस्जिद ने दुआ किया।”

अब्बांनी इमामांना विनंती केली होती. ज्यांनी नानांना कधी पाहिलं नव्हतं, त्या सगळ्यांनी नानांसाठी हात पसरले होते.

म्हाताऱ्या गृहस्थांनी थर्मास दगडावर ठेवला आणि ते आल्या वाटेनं चढून गेले. अम्मी पाण्याकडे वळली. तिचे खांदे हलू लागले तेव्हा मला कळलं की ती रडते आहे... दांडा तसाच हातात, दोरा तसाच पाण्यात. अब्बा तिच्याशेजारी खडकावर बसले.

“माझी चूक झाली,” ते म्हणाले.

हे शब्द त्यांच्या तोंडून मी त्याआधी कधी ऐकले नव्हते. अम्मी डोहावरची नजर न काढता म्हणाली, “हळू बोला. मासे पळतात.”

उन्हं कलल्यावर आम्ही निघालो. परतीच्या वाटेवर अम्मी बोलत होती — नानांबद्दल, त्यांच्या होडीबद्दल, पुराच्या पाण्यात ते एकदा कसे वाचले त्याबद्दल, थेट रुवीचे दिवे दिसेपर्यंत. मी मागच्या सीटवर दमून पेंगत राहिले, आणि त्यातलं बहुतेक सगळं माझ्या कानांवरून निसटून गेलं. आता विचारलं, तर अम्मी गोंधळून हसते. तिला त्यातलं फारसं आठवत नाही.

अब्बांनी मात्र गाडी चालवता चालवता शब्द न् शब्द ऐकला होता. ते होते तोवर त्यांना विचारायला हवं होतं.