सव्वा तासाची मुंबई

आमच्या गावचा बिरजू कुमरे अंतर किलोमीटरमध्ये नाही, डहाळीत मोजायचा. निघताना मोहाची कोवळी डहाळी तोडून खांद्यावर टाकायची. पानं मान टाकेस्तवर जेवढं चालणं झालं, तेवढी एक डहाळी. कुरखेडा चार डहाळ्या. सासुरवाडी अडीच. जंगल खात्याचा नवा गार्ड आला की वाट यालाच विचारायचा.

धाकटा भाऊ सुनिल त्यानंच वाढवला. बाप लवकर गेला, तर बिरजू पोराला खांद्यावर बसवून आश्रमशाळेत सोडून यायचा. सुनिल शिकला, मुंबईला नोकरीला लागला, नागपूरची बायको केली. दोन हजार दोनमध्ये माय गेली तेव्हा मातीला पोचला नाही. मग फोनवर म्हणाला, "दादा, दगडाले नक्की येतो. नागपूर सातशे किलोमीटर हाये, पण विमान सव्वा तासात आणते. तुयी डहाळी हिरवीच राहीन!"

बिरजूनं हे गावभर सांगितलं.

त्याच्या कुळात मेलेल्याच्या नावानं दगड उभा करतात, अन् पहिला हात सगळ्या पोरांचा लागतो. तोवर माय उंबऱ्याबाहेर ताटकळते, असं बिरजू मानायचा. दिवस तीनदा ठरला, तीनदा मोडला. तिसऱ्यांदा, रंगपंचमीला, पाहुणे जमले होते, भात शिजला होता. डहाळीभर लांबच्या श्रीहरीच्या दुकानातल्या फोनवर सुनिल म्हणाला, "रजाच नाई दादा. मुंबईतून पायच काढता येत नाई."

बिरजूची बायको सुकरी पुटपुटली, तर तो खेकसला, "नोकरी हाये त्याची! तुयासारखं मोह वेचणं नोहे."

"हो ना. मी वेचून राह्यली म्हणून तर तो शिकला."

पोळ्याला वारलू गावी आला. हा आमचाच, पण नागपूरच्या विमानतळावर सामानाच्या ढकलगाड्या गोळा करायचा. बिरजूनं त्याला गाठलं.

"काऊन रे, खरंच सव्वाच तास लागते?"

"तेवढाच. सुनिलभाऊलेच इचार ना. रंगपंचमीले साळ्याच्या लग्नाले आल्ते. मीच गाडी देल्ली त्यायले. पाच दिवस होते नागपुरात."

बिरजू बैलाच्या शिंगाला बेगड लावत होता. हात थांबला.

"तुयासंग बोलला?"

"बोलले ना. गावी सांगू नोको म्हणे." एवढं बोलल्यावर वारलूच्या ध्यानात आलं अन् त्यानं जीभ चावली.

बिरजूनं उरलेलं बेगड नीट चिकटवलं. दुसऱ्या दिवशी उघडीप होती. त्यानं वारलूला झोपेतून उठवलं.

"चाल. दगडाले हात लाव."

"मी? अन् सुनिलभाऊ?"

"त्याचं सामान ढकलते ना तू? मंग हेही ढकल."

दगड उभा राहिला. सुकरीनं हळद लावली. पाहुणे नाही, भात घरापुरता.

दिवाळीत फोन आला. मी दुकानातच होतो.

"दादा, या महिन्यात पक्कं येतो. दगडाचा दिवस धर."

"लागला दगड."

"माह्याबिगर? दादा, एक शबूद टाकला असता तर सव्वा तासात..."

"नागपुरातून पाच दिवसात नाई पोचला तू," बिरजू म्हणाला. "तुया जागी वारलूचा हात लागला. आता येऊ नोको."

फोन ठेवला. श्रीहरीकडून मिठाचा पुडा घेतला अन् घराकडं निघाला. डहाळी तोडली नाही.